पासवरचं नाव

रविवारी सकाळी साडेनऊला, पोह्यांची बशी अजून हातात असताना, उत्तरा आठल्येला कळलं की आपलं वय सोळापेक्षा जास्त आहे. टॅबवर तसं लाल अक्षरांत लिहून आलं होतं. बाबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली होती, "उत्तरा, हे घेत नाहीये बघ. मी तुझी जन्मतारीख अगदी बरोबर घातलीय," म्हणून ती बाहेर आली. जेवणाच्या टेबलावर टॅब उभा करून, चष्मा कपाळावर चढवून मधुकर आठल्ये बसले होते. वय एकोणऐंशी, मध्य रेल्वेतून हेड टीसी म्हणून निवृत्त. समोर स्वित्झर्लंडच्या रेल्वे पासचा अर्ज. पहिला प्रवासी मधुकर आठल्ये, प्रौढ. दुसरा प्रवासी उत्तरा आठल्ये, आणि तिच्यापुढे प्रौढ की मूल असे दोनच पर्याय. बाबांनी जरासुद्धा न अडखळता मूल निवडलं होतं. आईवडिलांबरोबर मुलांना प्रवास मोफत, असं त्या पानावर वरतीच लिहिलेलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? ती त्यांचंच मूल होती.

"सोळाची अट कशाला घालायची ती?" बाबा म्हणाले. "अविवाहित मुलीला वयाची अट नसते. कमावती असली तरी."

हा नियम उत्तराला बाराखडीच्या आधीपासून पाठ होता. रेल्वेच्या नोकराला वर्षाला ठरावीक फुकट पास मिळतात, त्यावर बायकोचं नाव येतं, मुलांची येतात. मुलगा एकवीस वर्षांचा झाला, शिक्षण संपलं, की त्याचं नाव गळतं. मुलीचं लग्न झालं की तिचं गळतं. लग्न न झालेल्या मुलीचं नाव मात्र राहतं ते राहतंच, ती चाळिशीची होवो नाहीतर साठीची. बाकी सगळ्या जगानं ज्या गोष्टीसाठी उत्तराला कधी आडून, कधी थेट सुनावलं होतं, त्या गोष्टीसाठी रेल्वेनं तिला आजवर जागा धरून ठेवली होती. खिडकीशेजारची, बहुतेक वेळा. आई गेल्यापासून बाबांच्या वर्षाच्या पासवर दोघांचीच नावं असायची. हल्ली तो पास मोबाइलवर निघतो. दर वर्षी उत्तराच लॉग इन करायची आणि दोन नावांपुढे दोन खुणा करायची. आपल्या नावापुढे 'नातं: मुलगी' असं आधीच छापलेलं यायचं. तिथं काही बदलता येत नसे, आणि बदलायचं तरी काय होतं म्हणा.

तिच्या स्वतःच्या नावावर रेल्वेचं एकच काही होतं, ठाकुर्ली ते ठाणे मासिक पास. चोवीस वर्षं ती ठाण्यात प्रयोगशाळेतले तराजू बनवणाऱ्या एका कंपनीत होती. धूळ बसली तरी तिचं वजन दाखवणारे तराजू, त्यांचे दाखले तपासून सही करायचं तिचं काम. सहीला तिथं वजन होतं, असं देवयानी गमतीनं म्हणायची. देवयानी शेजारच्या टेबलावर बसायची आणि तिच्याशिवाय उत्तराला ऑफिसात मैत्रीण अशी नव्हती. ठाकुर्लीपासून ठाण्यापर्यंत उत्तरा आठल्ये ही उत्तरा आठल्ये होती. कळव्याची खाडी ओलांडून ठाण्याला उतरेपर्यंतचं अंतर तिचं होतं. त्याच्या पलीकडे गाडी कुठंही जावो, नागपूरला, हरिद्वारला, मद्रासला, ती मधुकर आठल्यांच्या पासवरची मुलगी होती. लांबच्या गाडीचं तिकीट तिनं जन्मात काढलं नव्हतं. कुणाला हे खरं वाटलं नसतं, म्हणून तिनं ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

आणि आता कंपनी तिला मे महिन्यात झुरिकजवळच्या एका गावी आठवडाभराच्या प्रशिक्षणाला पाठवणार होती. कंपनीचं मूळ घर तिथलं. प्रशिक्षण संपल्यावर चार दिवस रजा घेऊन डोंगरात जायचं, एकटीनं, हे तिनं ज्या क्षणी ठरवलं तो क्षण तिला नेमका आठवत होता. ती कंपनीच्या कँटीनमध्ये ताकाचा ग्लास धुवत होती. चार दिवस. कुठल्याशा लहान स्टेशनवर उतरायचं, खिडकीशी जायचं, गावाचं नाव सांगायचं आणि एक तिकीट मागायचं. डोंगर, बर्फ, तळी, सगळं नंतर. मुळात तिला ती खिडकी हवी होती. त्यासाठी तिनं पासांची सगळी माहिती वाचली होती. एक पास सलग चार दिवसांचा, दाखवला की कुठल्याही गाडीत चढा. दुसरा महिन्यातले कुठलेही चार दिवस निवडायचा. आणि तिसरं ते अर्ध्या भाड्याचं कार्ड: ते जवळ ठेवायचं, पण तिकीट प्रत्येक वेळी वेगळं काढायचं. तिचं बोट त्या तिसऱ्यावर थांबलं होतं. मग चूक अशी झाली की त्या रात्री जेवताना तिनं बाबांना विचारलं, "बाबा, पास सलग घ्यावा की सुटा?"

काय गरज होती विचारायची? तीन आठवडे ती स्वतःला हेच विचारत होती. पण आठल्यांच्या घरात गाडीचा विषय बाबांना टाळून काढणं म्हणजे देवघरातला दिवा गॅलरीत नेऊन लावण्यासारखं होतं. बाबांचा हात ताटात थांबला. चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी ड्यूटीवरचा उजाळा आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी डायरी काढली, लाल-निळी पेन्सिल काढली, आणि स्वित्झर्लंडच्या गाड्यांचं वेळापत्रक ठाकुर्लीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर उतरायला लागलं. दहा दोनला इथून निघायचं, दहा छप्पन्नला तिथं, गाडी बदलायला आठ मिनिटं, प्लॅटफॉर्म समोरचाच. "आठ मिनिटं पुरतात तिथं," ते म्हणायचे, "तिथं आठ म्हणजे आठ." वरच्या डोंगरी गाडीला पास पूर्ण चालत नाही, अर्ध्यात उतरून वेगळं तिकीट काढावं लागतं, हे वाचून त्यांचं दिवसभर बिनसलेलं होतं. पास म्हणजे पास, त्यात अर्धा कसला. अर्ध्या भाड्याच्या कार्डाचं तर त्यांनी नावच काढू दिलं नाही. "पास असावा तर असा, की माणसाला खिडकीवर जायची पाळी येऊ नये."

माळ्यावरची मोठी बॅग खाली आली. लोकरीचे कपडे गॅलरीत वाळत पडले. खालच्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी जिन्यात थांबवून विचारलं, "काय, बापलेक फॉरिनला म्हणे?" आणि उत्तरा हसली. नाही म्हणाली नाही. जिन्यात उभी राहून ती नुसती हसली, आणि त्या हसण्याचा तिला पुढे चार दिवस राग येत राहिला. बाबांच्या व्हिसाचा विषय त्यांनी काढला नव्हता आणि तिनंही काढला नव्हता. पासपोर्ट त्यांच्याकडे होता, कोरा. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं: बाबा, मी एकटी जातेय. वाक्य काही फार मोठं नव्हतं. पण ते तोंडात तयार झालं की समोर बाबांची वाकलेली मान दिसायची, लाल-निळी पेन्सिल दिसायची, आणि मग ती भाजीबद्दल काहीतरी बोलायची. देवयानीला मात्र तिनं सगळं सांगितलं. देवयानी म्हणाली, "अगं, बोलून टाक ना. सत्तेचाळीस वर्षांची बाई तू. काय खाणारेत का ते?" उत्तराला ते ऐकायला बरं वाटलं होतं. आपल्याला कुणीतरी अडकवलंय असं दुसऱ्यानं म्हटलं की एक प्रकारची ऊब मिळते, आणि ती त्या उबेत रोज दुपारी डबा खाताना बसत होती.

तिला भीती वाटत होती, आणि भीतीला कारण होतं. कारण पंचविसाव्या वर्षीचं होतं. तेव्हा ऑफिसातला स्वानंद आणि अजून पाच जण डिसेंबरात सिमल्याला जायचं ठरवत होते. स्वानंद मोजकं बोलायचा. तराजूच्या पारड्यातली वजनं चिमट्यानं उचलताना तो श्वास धरायचा, आणि ते पाहताना तिचाही श्वास धरला जायचा. तो म्हणाला होता, "तू पण चल. तुझं तिकीट मी काढतो." एवढंच. पण ते कुणी म्हटलेलं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात धीट वाक्य होतं. घरी येऊन तिनं सांगितलं आणि बाबांनी पास काढला. पासवर सगळ्यांची नावं असतात, मग नावं आहेत तर माणसं का नकोत? कालक्याच्या स्टेशनावर पहाटे पाच जणांच्या घोळक्यात उभा असलेला स्वानंद, आणि समोरून येणारं आठल्ये कुटुंब, आईच्या हातात चिवड्याचा डबा, बाबांच्या गळ्यात मफलर. तिथून वर सिमल्याला जाणारी लहान गाडी, लहान डबे, एकामागून एक बोगदे. बरोगच्या स्टेशनात गाडी खाण्यासाठी थांबते. तिथं स्वानंद दोन कटलेटांची बशी घेऊन तिच्या खिडकीशी आला. बशीतून वाफ येत होती, त्याचे कान थंडीनं लाल झाले होते. आईनं बशी हातात घेतली आणि म्हणाली, "अरे वा." आणि बाबांनी, अगदी प्रेमानं, सवयीनं विचारलं, "तिकीट आहे ना रे जवळ?" स्वानंदनं हातमोजा काढला, आतल्या खिशात हात घातला आणि तिकीट काढून दाखवलं. बाबांनी ते उलटसुलट पाहिलं, तारीख पाहिली, परत दिलं. "ठीक," म्हणाले. त्यानंतर स्वानंद त्या खिडकीशी आला नाही. पुढच्या वर्षी त्यानं पुण्याला बदली मागून घेतली. लग्नाची पत्रिका आली तेव्हा उत्तरानं ऑफिसच्या वर्गणीत आपले पैसे घातले. ती कटलेटं आईनं आणि तिनं वाटून खाल्ली होती, हेही तिला आठवायचं. चांगली होती.

तेव्हापासून उत्तरानं त्या खिडकीचा हिशोब बाबांच्या नावावर ठेवला होता. आणि तीन आठवडे ती पाहत होती की पुन्हा तेच होणार. बर्फातल्या कुठल्याशा स्टेशनावर मफलर घालून बाबा उतरणार, डब्यातल्या परक्या लोकांशी नियमांवर बोलणार, आणि ती त्यांच्या मागं बॅग धरून उभी राहणार. आज ते लाल अक्षर पाहिल्यावर मात्र तिच्या आत काहीतरी उलटलं. मूल! हातातली बशी तिनं टेबलावर जरा जोरात ठेवली. आता बोलायचं. आता नाही बोललं तर जून उजाडेल, जन्म जाईल.

"बाबा," ती म्हणाली, "मला काहीतरी सांगायचंय."

"सांग. पण आधी हे बघ," बाबा म्हणाले. "माझ्या नावापुढे 'स्वतः प्रवास नाही' कुठं करायचं? तेवढं सापडत नाही. अर्धा तास शोधतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मी कुठं येतोय?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "या पायांनी आठ मिनिटांत गाडी बदलायची म्हणजे... तू जा. पण पास तर माझ्याच नावानं निघणार. धारकाचं नाव घालून खाली 'स्वतः नाही' लिहायचं, आणि प्रवास करणाराचं नाव. आपण नाही का करत? तुझी आई नाशिकला एकटी जायची तेव्हा असाच काढायचो मी."

उत्तरा उभी होती ती बसली. त्यांनी डायरी तिच्यापुढे सरकवली. तीन आठवडे ती डायरी या टेबलावर उघडी पडलेली होती आणि तिनं तिच्याकडे रागानंच पाहिलं होतं. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं टीसी लोक तारीख टाकतात तिथं, बारीक अक्षरात होतं: धारक म. ग. आठल्ये, स्वतः नाही. प्रवासी उत्तरा. खाली गाड्या. एका ओळीपुढे लिहिलं होतं, 'उजवीकडे बसावं, तळं उजवीकडे.' दुसऱ्यापुढे, 'इथं सव्वा तास आहे, चहा घ्यावा.' लोकरीचे कपडे गॅलरीत वाळत होते ते तिचेच होते. बॅग तिचीच होती. ती चरकली. शरमेनं तिला वर बघवेना. या माणसावर आपण डबा खाता खाता काय काय बोललो देवयानीशी.

"बाबा, तिथं असं नसतं," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच फार हळू वाटला. "तिथं तुमचं नाव घालावं नाही लागत."

"मग कुणाचं घालायचं?"

"माझंच. धारक मीच."

"तू? कुणाच्या नोकरीवर?"

"कुणाच्याच नाही. विकत घ्यायचा असतो. ज्याला जायचंय त्यानं आपला घ्यायचा."

बाबांनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. "म्हणजे आपल्या मासिक पाससारखंच झालं की ते," ते म्हणाले, आणि जरा हसले. "मी उगीच एवढं." उठले, आत गेले, आणि गॅसवर चहाचं आधण चढल्याचा आवाज आला.

आता टॅब तिच्यापुढे होता. तिनं पहिला प्रवासी पुसला. एकेक अक्षर मागं मागं जाताना तिला कसंसंच झालं, पण तिनं पुसलं. दुसरा प्रवासी आपोआप पहिला झाला. मूल काढून प्रौढ केलं, आणि लाल ओळ गेली. अर्जानं विचारलं, कोणता पास? तिन्ही तिथंच होते. आता तिला अडवायला कुणी नव्हतं. तिसऱ्यावर, त्या अर्ध्या भाड्याच्या कार्डावर, तिनं बोट नेलं. आणि मग तिला ती खिडकी दिसली, खरीखुरी, काचेमागं परका माणूस, मागं रांग, आपल्या तोंडात गावाचं नाव नीट बसत नाहीये, तो पुन्हा विचारतोय, मागची माणसं पाय बदलतायत. रोज चार वेळा. चार दिवस. तिचं बोट पडद्यावर टेकेना. हे इतके दिवस कुठं होतं? इतके दिवस ती खिडकी गोड वाटत होती, कारण दारात बाबा उभे होते. आता ते बाजूला झाले होते, खरं म्हणजे ते कधी उभेच नव्हते. सिमल्याच्या वेळचंही तिला तिथंच, बोट अधांतरी धरून, लख्ख आठवलं. 'तुझं तिकीट मी काढतो' असं स्वानंद म्हणाला, आणि त्या रात्री घरी येऊन ती बाबांना काय म्हणाली होती? बाबा, पास काढता का? तिनं स्वतः म्हटलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. स्वानंदच्या तिकिटावर बसायची तिला भीती वाटली होती, आणि तिनं घाईघाईनं येऊन आपलं नाव पुन्हा त्या पासवर शोधलं होतं. बावीस वर्षं तिनं ही गोष्ट एका बाजूनंच आठवली होती.

तिनं सलग चार दिवसांचा पास निवडला. खिडकीवर जायची पाळी येऊ नये असा. कार्डाचा नंबर घातला, ओटीपी आला, तो घातला. काही सेकंद एक गोल फिरत राहिला, मग पास आला, एका पानाचा, वर चौकोनी काळी खूण आणि खाली एक नाव. मधलं नाव नव्हतं. अर्जात त्याला जागाच नव्हती. तिला वाटलं होतं की काहीतरी वाटेल. मोकळं वाटेल किंवा निदान हुरहूर तरी. वाटलं ते एवढंच, की पोहे गार झालेत.

बाबा दोन कप घेऊन आले. एक तिच्यापुढे ठेवला, दुसरा आपल्यापुढे, बशीसकट. "निघाला?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. "बघू," ते म्हणाले आणि हात पुढे केला. तो हात तिला लहानपणापासून माहीत होता, तळवा वर, बोटं जुळलेली, न रागावता मागणारा. लहानपणी गाडीत दुसऱ्या डब्यांतले टीसी यायचे, बाबांच्या ओळखीचे किंवा नसलेले, आणि पास घेऊन त्यावरची नावं वाचत एकेकाकडे पाहायचे. खिडकीशी बसलेल्या मुलीकडे आले की विचारायचे, सोबत कोण? आईनं शिकवून ठेवलं होतं: तू बोलायचं नाहीस, नुसतं बोट करायचं बाबांकडे. पुढे ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, केस पिकले, तरी दर गाडीत कुणी ना कुणी विचारायचंच, आणि बोट केलं की काम भागायचं.

तिनं टॅब त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो जरा लांब धरला, मग जवळ. तारखा वाचल्या, ओठ हलवत. काळी खूण निरखली. सवयीनं टॅब उलटा करून मागची बाजूही पाहिली, तिथं काही नव्हतं. मग पुन्हा पुढची, आणि त्या एकाच नावावर अंगठा टेकवून ते थांबले. चहावर साय धरत होती. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी कल्याणच्या भाड्यावरून हुज्जत घालत होतं. बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. अगदी शांत, नेहमीच्या कामाच्या आवाजात त्यांनी विचारलं, "सोबत कोण?"

कोणी नाही, हे दोन शब्द उत्तराच्या जिभेवर तयार होते. पण ते बाहेर पडण्याआधीच तिचा हात टेबलावरून उचलला गेला होता, आणि बोट समोर, बाबांकडे वळलं होतं.